हायब्रीडचा जोर कोंबातच

शिरूर अनंतपाळकडं ‘हायब्रीड’ म्हटलं की जुन्या माणसांना ज्वारीच आठवते. १९६४ ची सीएसएच-१ ही त्यातली पहिली. हायब्रीडचा हा जोर मक्यातही दिसतो. संकरित मक्याचे दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. दोन-तीन दिवसांत पांढरं मूळ डोकावतं. आत अमायलेज हे विकर, म्हणजे एक प्रथिनच, पिठाची साखर करत असतं, दुसरी विकरं साठवणीतलं झेईन हे प्रथिन फोडून कोंबाला पुरवतात. संकरित कोंबातली प्रथिनं मोजली, तर ती आई-बापाच्या सरासरीइतकी भरावीत ना? बरीचशी भरतातही. काही मात्र दोघांच्याही वर जातात, काही खाली. एकाचं लंगडं जनुक दुसऱ्याचं धडधाकट जनुक सावरून घेतं, हे हायब्रीडच्या जोरामागचं एक कारण. घरचं बी राखून पेरलं की ही जोडी फुटते आणि तासात उंच-ठेंगणी ताटं दिसू लागतात.