पारखून घ्यावं जुनं (लेखांक 9) : होडी कुणाच्या मापाची?

तामलवाडीच्या टोलनाक्यावर होडी दिसेल असं कुणाला वाटणार नाही. सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना तिथं दिसतात त्या देवीच्या दर्शनाला निघालेल्या जीपा, कांद्याच्या गोण्या, हंगामात उसाची वाहनं. मागच्या महिन्यात माझ्या पुढच्या पिकअपवर मात्र दोरखंडानं करकचून बांधलेली एक पालथी होडी होती. रांग हलेना, म्हणून उतरून विचारपूस केली. नवरा-बायको उजनी धरणाच्या काठावरून जुनी होडी घेऊन तुळजापूरपलीकडच्या एका तलावावर निघाले होते.

"फायबरची हाय," दादा अभिमानानं म्हणाले. "लाकडागत कुजायची भानगड न्हाई."

केबिनमधून ताईंनी डोकं बाहेर काढलं. "ह्यांला चौदा फुटी पायजे व्हती. म्या म्हनलं, वल्हं कोन मारतंय? मी. मग होडी मला इचारून घ्या."

बैल घेताना दात बघावेत, ट्रॅक्टर घेताना इंजिन गार असताना चालू करून बघावं, हे या लेखमालेत आपण बोललो. होडीचा विषय लिहायचा माझा विचारच नव्हता. आपल्या दुष्काळी भागात होडी घेतंय कोण? पण ताईंच्या त्या एका वाक्यानं माझा मुद्दा मला आयता मिळाला. उजनीवर किंवा मराठवाड्यातल्या तलावांवर मासेमारी बहुतेक जोडीनं चालते. संध्याकाळी जाळं सोडायचं आणि पहाटे उचलायचं. पुरुष जाळ्यावर, बाई वल्ह्यावर. वारा सुटला की होडी जाग्यावर धरून ठेवायचं काम तिचं. सौदा करायला मात्र पुरुष जातात आणि त्यांची नजर पहिल्यांदा लांबीवर पडते.

लांबी दिसते मोठी, पण आधार देते रुंदी. बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशी सपाट बुडाची होडी धरा. तिची लांबी दोन फुटांनी वाढवली, तर कलंडण्याला होणारा विरोध जेमतेम सहाव्या हिश्श्यानं वाढतो. तीच होडी बारा फुटीच ठेवून रुंदी अर्धा फूट वाढवली, तर तो दीडपटीहून जास्त होतो. कारण या हिशोबात लांबी एकदाच धरली जाते, तर रुंदी तीनदा गुणली जाते. जाळं ओढणारा माणूस काठाशी उभा राहून वाकतो, तेव्हा त्याला सांभाळतो तो हा अर्धा फूट. वर चौदा फुटी होडी जड, वाऱ्यात वळायला हट्टी. त्याचा ताण कुणाच्या खांद्यांवर येतो, हे ताईंनी सांगितलंच.

आता वजन. एक घनफूट पाणी म्हणजे सुमारे 28 किलो. बारा बाय तीनची होडी चौकोनी पेटीसारखी असती, तर ती इंचभर खाली जायला 85 किलो लागले असते. टोकं निमुळती असतात म्हणून 60-65 धरा. दोन माणसं 120 किलो, ओलं जाळं 30, मासळीचा क्रेट 50 आणि होडी स्वतः 90 किलोची, तर ती साडेचार-पाच इंच पाण्यात बसेल. काठ पंधरा इंच उंच असेल तर पाण्यावर दहा इंच उरले. पुरेसे वाटतात, पण घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून दोन पोरंही बरोबर येतात, जाळ्याकडची बाजू आणखी दबते आणि लाटेलाही काही वाटा द्यावा लागतो. माझं माप साधं आहे: सगळं घर आत बसल्यावर पाण्यापासून काठापर्यंत निदान वीतभर अंतर राहिलं पाहिजे. न राहिलं तर होडी फुकट मिळाली तरी नको.

आपल्याकडच्या कितीतरी लहान तलावांवर होडी नसतेच. ट्रकच्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून लोक जाळी टाकतात. त्यांच्या दृष्टीनं जुनी होडी हीच बढती. म्हणूनच ती घाईत घेतली जाते.

लाकडी होडीबद्दल थोडक्यात सांगतो: आपल्याकडे घेऊ नका. तलाव आटला की ती महिनोन्‌महिने उन्हात पडते, फळ्या आकसतात, सांधे उघडतात. पत्र्याची स्वस्त पडते, दुरुस्तीही गावातला वेल्डर करतो. फक्त ताजं डांबर फासलेलं दिसलं की सावध व्हा. सांध्यांवर आणि बुडाच्या कोपऱ्यांत खिळ्याच्या टोकानं दाबून बघा. टोक रुतलं तर डांबराखाली पत्रा उरलेला नाही.

फायबरची होडी कुजत नाही हे दादांचं म्हणणं अर्धं खरं. ती काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन यांचे थर चिकटवून बनते. आपटून, घासून हे थर आतल्या आत सुटतात आणि वरून काही दिसत नाही. मडकं घेताना आपण वाजवून बघतो, तसंच इथंही करायचं. पाच-दहा रुपयांचं नाणं घेऊन बुडावर वीत-वीत अंतरानं ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तिथं खडूनं खूण करा. दोन-चार खुणा झाल्या तर त्या दाखवून भाव पाडता येतो, पण बूडभर झाल्या तर पाठ फिरवा. पृष्ठभागावर लहान लहान फोड असतील तर थरांत पाणी शिरलंय. आणखी एक जागा फसवते. काही होड्यांत तरंगण्यासाठी बैठकीखाली फोम भरून बंद केलेला असतो. चीर पडून तो पाणी प्यायला की होडी चढवता-उतरवताना जड लागते. चार माणसांनी उचलून बघावी, ती यासाठीच.

घ्यायची कधी? उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की होडीला गिऱ्हाईक कमी, म्हणून सौद्याला तीच वेळ बरी. अडचण एवढीच, की तेव्हा ती पाण्यात सोडून बघता येत नाही. मग उलटं करा. होडी वाळूवर सपाट ठेवा आणि आतून पाणी भरा, चार बोटं उंच, त्याहून जास्त नाही. तेवढंच पाणी दीड-दोनशे किलोंच्या वर जातं. दगडांवर टेकवून भरलंत तर चांगल्या होडीचंही बूड चिरेल. तासाभरानं खालची वाळू कुठं ओली झाली ते बघायचं.

कागदाचं काय? भीमेच्या पात्रात बेकायदा वाळू उपसणाऱ्या फायबरच्या बोटी महसूल खातं पकडतं आणि कधी जिलेटिननं उडवूनही देतं. तेव्हा फारच स्वस्तात मिळणारी मोठी बोट कुठून आली, हे विचारायला लाजू नये. विकणाऱ्याची सही, साक्षीदार आणि इंजिन असेल तर त्याचा नंबर असलेली पावती घ्या. होडी घेतली म्हणजे मासे धरायचा हक्क मिळाला असंही नाही. तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. आधी संस्थेत विचारा, मग पैसे मोजा.

लहान तलावावर इंजिन नकोच. त्याच पैशात घरातल्या प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट घ्या, पोरांसाठी पोरांच्या मापाची. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं उलटली आणि सहा जण बुडाले. ती होडी मासेमारीची नव्हती, पण वळवाचा वारा होडीचं काम विचारून येत नाही.

टोलनाक्यावरची रांग हलली तेव्हा मी घाईघाईनं विचारलं, सौदा कुठं अडला का? वल्ह्यांवर, ताई म्हणाल्या. विकणारा म्हणत होता, होडीचे वेगळे, वल्ह्यांचे वेगळे. दादा द्यायला तयार झाले होते. ताईंनी वल्हं हातात घेऊन जमिनीवर उभं धरलं, ते डोक्याच्या वर गेलं. हातात धरून मारायचं वल्हं हनुवटीपर्यंत आलं तर बरं, नाहीतर पहाटेच्या दोन तासांत खांदे भरून येतात. "असलं लांब वल्हं आमाला काय कामाचं," म्हणून त्यांनी ते परत दिलं. विकणाऱ्यानं मग दोन्ही वल्ही फुकट टाकली गाडीत.

"आता गावात सुतार कापून देतोय," दादा म्हणाले.

(पुढच्या आठवड्यात : जुनं तंगूस जाळं घेताना गाठी कशा तपासाव्यात)