साडेबाराची रेघ

उदगीरच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. गावातल्या शिबिरात नवरा-बायको जोडीनं रक्तदानाला गेले. बाईंचं हिमोग्लोबिन १२.२ भरलं, त्यांना परत पाठवलं. यजमानांचं १२.७, त्यांचं रक्त घेतलं, वर प्रमाणपत्र आणि बिस्किटाचा पुडाही मिळाला. घाबरून बाईंनी डॉक्टर गाठले, तर ते म्हणाले, ‘तुम्हाला ॲनिमिया नाही.’ मग परत का पाठवलं?

नियमाचं उत्तर एका ओळीचं आहे. आपल्याकडे रक्तदात्याचं हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरला किमान १२.५ ग्रॅम हवं, मग बाई असो की पुरुष. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी बाईला १२च्या खाली ॲनिमिया, पुरुषाला १३च्या खाली. म्हणजे उदगीरच्या त्या जोडप्यात ॲनिमिया कुणाला असेल, तर यजमानांना! निरोगी बाई घरी आणि ॲनिमियावाला पुरुष खाटेवर, हे एकाच आकड्याचं कर्तृत्व.

हा आकडा पूर्वापार ज्या चाचणीनं तपासत आले, ती माझी फार लाडकी आहे. बोर्डो मिश्रणासाठी चुन्यात कालवतो ते मोरचूद आपल्या शेतकऱ्याच्या घरचंच. त्याचं निळं द्रावण १.०५३ घनतेचं करायचं आणि बोटाला टोचून निघालेला थेंब त्यात सोडायचा. थेंब पंधरा सेकंदांत बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, तरंगला तर खाली. खरी करामत थेंबाच्या पृष्ठभागावर घडते. रक्तातली प्रथिनं आणि मोरचुदातलं तांबं यांचा संयोग होऊन थेंबाभोवती क्षणात एक पापुद्रा धरतो, त्यामुळे आतलं रक्त बाहेरच्या पाण्यात मिसळत नाही आणि थेंबाची घनता तेवढा वेळ टिकते. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डोनाल्ड व्हॅन स्लाइक आणि रॉबर्ट फिलिप्स यांनी जखमी सैनिकांसाठी ही रीत बसवली. वीज नको, यंत्र नको. फिलिप्स यांनी तर १९४७ साली इजिप्तमधल्या कॉलऱ्याच्या साथीत याच निळ्या बाटल्यांवरून कुणाला किती सलाइन द्यायचं ते ठरवलं. आता छोटी डिजिटल यंत्रं आली आहेत, पण बाटली अजून हद्दपार झालेली नाही.

ब्रिटनमध्ये अशा बाटल्या दोन ठेवत: बाईंसाठी १.०५३ची, पुरुषांसाठी १.०५५ची, कारण तिथे पुरुषाला साडेतेराची अट आहे. अमेरिकेनंही २०१६पासून पुरुषांची रेघ १३वर नेली. आपण एकाच बाटलीवर भागवतो.

मग बाईंची रेघ १२वर आणावी का? माझं मत नाही असं आहे, आणि त्याचं कारण लोहात आहे. हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ. डबा भरलेला दिसला म्हणून पेवात ज्वारी आहेच असं धरता येत नाही. पुरुषाच्या पेवात साधारण १००० मिलिग्रॅम लोह असतं, बाईच्या पेवात जेमतेम ३००. रक्ताच्या ३५० मिलिलिटरच्या एका पिशवीबरोबर दीडशे मिलिग्रॅम लोह जातं. पुरुषाला ते फारसं जाणवत नाही, बाईचं मात्र अर्धं पेव रिकामं होतं. शिवाय पाळीत दर महिन्याला पंधरा-वीस मिलिग्रॅम जातात ते वेगळेच. भरपाई म्हणाल तर अन्नातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर तेही घटतं. म्हणूनच दोन रक्तदानांमध्ये पुरुषानं ९० दिवस थांबायचं आणि बाईनं १२०.

बाकीच्या अटी बहुतेकांना ठाऊक असतात: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. बाळंतपणानंतर वर्षभर, अंगावर पाजणं चालू असेपर्यंत आणि पाळीच्या दिवसांत बाईनं रक्त द्यायचं नाही.

जगात रक्तदात्यांमध्ये बायका ३३ टक्के आहेत. आपल्याकडे दहांत एकही भरत नाही. याचं खापर बायकांच्या भित्रेपणावर फोडणाऱ्यांना एक नाव सांगायला हवं: लीला मुळगावकर. १९५०च्या दशकात, रक्त विकत घेण्याचाच रिवाज असताना, मुंबईत स्वेच्छा रक्तदानाची चळवळ उभी केली ती या बाईंनी. १९६३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रक्त विकण्यावरची बंदी १९९८पासून लागू झाली, ती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं. पण आज लातूर-नांदेडच्या शिबिरांच्या फलकांवर पुढाऱ्यांचे हसरे चेहरे असतात, लीलाबाईंचा उल्लेख मला तरी कधी दिसला नाही. अडचण धैर्याची नाहीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आढळला, पुरुषांत २५ टक्क्यांना. रक्त द्यायला आलेल्या बाईलाच अनेकदा रक्त वाढवायची गरज असते.

जयंतीच्या किंवा वाढदिवसाच्या शिबिरात ‘विक्रमी रक्तदान’ झाल्याच्या बातम्यांचं मला म्हणून फार कौतुक वाटत नाही. साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं, प्लेटलेट्स तर पाचच. एका दिवसात हजार पिशव्या आणि मे महिन्यात कॉलेजं बंद झाली की टंचाई, यात विक्रम कसला? त्या दिवशी किती जणांना परत पाठवलं, हा आकडा तर कुणीच छापत नाही.

उदगीरच्या भगिनींनी फेरिटिनची तपासणी करून घ्यावी. पेवाचा अंदाज त्यावरून येतो. साठा कमी निघाला तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं लोहाच्या गोळ्या घेऊन पुन्हा शिबिराला जावं. यजमानांनीही, प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याआधी, हिमोग्लोबिन कमी का याची तपासणी करावी. पुरुषात ते मूळव्याधीमुळे किंवा पोटातल्या अल्सरमुळेही उतरतं. आणि शिबिर भरवणाऱ्यांना एक विनंती: ज्यांना परत पाठवता, त्यांच्या हातात आकडा लिहिलेली चिठ्ठी द्या आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ताही सांगा.