कोंबड्यांसाठी पागोळीचं पाणी

पत्र्याच्या पागोळीखाली बादली लावायची आणि तीच कोंबड्यांपुढे सरकवायची, ही परसातली जुनी सवय. सवय चांगलीच; चूक होते ती पहिल्या सरीला. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि कावळ्या-कबुतरांची विष्ठा तिच्याबरोबर खाली येते, आणि हगवणीचे जंतूही. म्हणून पहिले एक-दोन पाऊस वाहून जाऊ द्यावेत. मग पन्हाळीच्या तोंडाला फडकं बांधून पाणी झाकणाच्या टाकीत घ्यावं.

आता हिशेब. 10 चौरस मीटर पत्र्यावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लिटर. छत्रपती संभाजीनगरला वर्षाकाठी सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सांडलवंड धरूनही 5 हजार लिटर कुठे गेले नाहीत! 10 कोंबड्यांना रोज 3 लिटर पुरे, ऐन उन्हाळ्यात दुप्पट. ऑक्टोबर ते मे निभवायला हजार लिटरची टाकी बस्स झाली.

साठवणीत चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकायला हरकत नाही. मात्र राणीखेतची लस पाण्यातून द्यायची असेल, तर ते पाणी वापरू नये. क्लोरीननं लशीतला जिवंत विषाणू मरतो. त्या दिवसासाठी पावडर न टाकलेलं घागरभर पाणी आधीच उकळून, गार करून ठेवावं.