शाळा आधी, खोली नंतर

मे महिन्यात भाताच्या बियाण्याची चौकशी करायला येणारे शेतकरी हल्ली जाता जाता आणखी एक गोष्ट विचारतात. "साहेब, पोरीला सायन्सला घालायची आहे. नालासोपाऱ्याला मेव्हण्याच्या चाळीत खोली मिळते आहे. बिऱ्हाड हलवू का?" विचारणारा विक्रमगडचा मोगरेवाला असो, वाड्याचा भातवाला असो, की वसईच्या कारखान्यात नोकरी लागलेला घाटावरचा असो, बहुतेकांचा क्रम एकच असतो. खोली आधी ठरते आणि तिच्या जवळपास जी शाळा सापडेल तिच्यात मुलाचे नाव घातले जाते. हा क्रम उलटा करावा असे माझे स्पष्ट मत आहे. खोली वर्षभरात बदलता येते. अकरावीचे कॉलेज मध्येच बदलायचे म्हटले तर परवानग्यांसाठी खेटे घालावे लागतात.

एके काळी वसई म्हटले की केळी, पानमळे आणि फुलांच्या वाड्या डोळ्यांपुढे येत. २००९ साली येथे महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती बारा लाखांवर भरली. माणसे आली तशा शाळाही निघाल्या. त्यांत चांगल्या आहेत, तशा सरकारी मान्यता नसलेल्याही आहेत. शिक्षण खाते अशा अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करते आणि त्यांत नालासोपारा-विरारची नावे येतात. अशा शाळेतल्या मुलाचा दहावीचा फॉर्म भलत्याच शाळेच्या नावाने भरला जातो आणि पुढे दाखल्याच्या वेळी आईबाप रडकुंडीला येतात. बैल घेताना आपण झूल पाहून पैसे मोजत नाही, दात पाहतो. तसेच येथे इमारतीचा रंग पाहू नये. शासनमान्यतेचा क्रमांक आणि अकरा आकडी यू-डायस क्रमांक मागावा. द्यायला कां-कूं केली तर तेथून निघावे आणि वसई पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

दुसरा प्रश्न अनुदानाचा. आपल्याकडे बहुतेक हायस्कुले खाजगी संस्थांची असतात, पण त्यांतल्या अनुदानित शाळांच्या शिक्षकांचा पगार सरकार देते. म्हणून तेथे फी बेताची असते, आणि मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ असते. गोम अशी, की एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि शेजारची विनाअनुदानित असू शकते. दोन्हींच्या फीमध्ये फार अंतर पडते. तेव्हा "कॉलेज अनुदानित आहे का?" एवढ्यावर थांबू नका, "आमच्या मुलीला मिळणारी तुकडी कोणती?" असे विचारा.

आता वेळेविषयी. भाताचे रोप तीन आठवड्यांचे झाले की लावणीला काढतो. राबात जास्त दिवस राहिले तर फुटवे कमी येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलांच्या बदलीलाही असे वय असते. आठवी संपताना किंवा दहावी संपल्यावर हलवणे बरे. दहावीच्या वर्षात मूल उपटून दुसरीकडे लावू नये. नववीत हलवण्याचा आणखी एक फायदा आहे. ज्या संस्थेचे हायस्कूल आणि कनिष्ठ महाविद्यालय एकत्र आहे, तेथे अकरावीच्या दहा टक्के जागा संस्थेच्याच मुलांसाठी राखीव असतात. अर्थात त्या शाळेला मान्यता, शिक्षक आणि प्रयोगशाळा असेल तरच.

अकरावीचे प्रवेश मुंबई परिसरात पूर्वीपासून ऑनलाइन होते, २०२५ पासून साऱ्या राज्यात तसे झाले. एका अर्जात दहापर्यंत कॉलेजांची नावे पसंतीच्या क्रमाने देता येतात. येथे एक धोका ध्यानात ठेवा. पहिल्या क्रमांकाला लिहिलेले कॉलेज मिळाले की तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते. वसई रोडचे १९७१ सालचे वर्तक कॉलेज, पापडीचे थॉमस बाप्टिस्टा, विरारचे विवा ही नावे सर्वांच्या तोंडी आहेत. पण नाव ऐकून अर्ज भरू नका, आधी जाऊन पाहा. पावसाळ्यात, शाळा भरण्याच्या वेळेला, मुलीला बरोबर घेऊन जा. रिक्षाला किती लागतात, स्टेशनचा पूल किती गर्दीचा आहे, हे तिने पाहिलेले बरे. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या. पायी पोचता येईल असे कॉलेज असले तर अशा दिवशीही जिवाला घोर नसतो.

कॉलेजात गेल्यावर शिपायाला नम्रपणे सांगून प्रयोगशाळा पाहा. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या प्रत्येक विषयात शंभरपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. बाकांवर धूळ असेल आणि नळाला पाणी नसेल, तर ते तीस गुण कागदावरच समजा. सध्या एक नवीच तऱ्हा निघाली आहे. मुलाचे नाव कॉलेजच्या पटावर आणि मूल दिवसभर खाजगी क्लासात. याला आळा घालण्यासाठी सरकारने २०१८ साली विज्ञानाच्या वर्गांना बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, पण हा व्यवहार संपलेला नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला अकरावीचे इंग्रजीतले विज्ञान पहिले काही महिने जड जाते. त्याला शंका विचारायला समोर मास्तर हवा, नुसती छापील नोट्स नकोत. सीईटीमध्ये वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात. ते वर्ष वाया गेले तर पदवीच्या दारात कळते. कृषी पदवीचे दारही याच परीक्षेतून उघडते.

सारे बिऱ्हाडच हलवावे का, हाही विचार करा. मोगरा पहाटे खुडला नाही तर दादरच्या बाजारात त्याला कोण विचारतो? आई मुलांबरोबर शहरात गेली तर खुडणीला मजूर लावावे लागतात, आणि शेवटी फीचे पैसे त्या मोगऱ्यातूनच यायचे असतात. पालघर, सफाळे, केळवे या बाजूच्यांना तर हलण्याची गरजच नसते. २०१३ पासून डहाणू-विरार लोकल आहे, विद्यार्थ्यांना पासात सवलत आहे. आदिवासी कुटुंबांनी आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांची चौकशी जव्हार किंवा डहाणूच्या प्रकल्प कार्यालयात करावी.

हलायचे ठरलेच तर गाव सोडण्यापूर्वी कागद काढा. जातीचा दाखला मूळ गावाच्या तालुक्यातूनच काढावा लागतो, कारण जुन्या वास्तव्याचा पुरावा तेथे असतो: इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातला उतारा शोधायला महिना जातो. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा, बारावीनंतर धावाधाव नको. अभियांत्रिकीला जायचे असेल तर बारावी कोणत्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून झाली हे पाहतात, हे घाटावरून येणाऱ्यांनी विसरू नये. पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठात येतो. आणि शहरात गेलो म्हणून सातबाऱ्याकडे दुर्लक्ष नको. कृषी पदवीच्या प्रवेशात शेतकऱ्याच्या मुलाला सातबाऱ्यावरून अधिभार देण्याची पद्धत आहे. आजोबा वारले असतील आणि वारसाची नोंद राहिली असेल, तर ती याच उन्हाळ्यात तलाठ्याकडे करून घ्या.