गाडीवर वाळलेला डिंक

सावलीची दुसरी बाजू

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो आणि वाहनासाठी सावली शोधणे ही गरज होऊन बसते. शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीतील गल्ल्यांत मिनीबस, टेम्पो ट्रॅव्हलर किंवा कॅराव्हॅन सहज मावत नाही. ती रुंद रस्त्याच्या कडेला, कडुनिंब, वड किंवा पिंपळाखाली उभी राहते. महाराष्ट्र शासनाचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. त्यातच पंढरपूर, तुळजापूर आणि अक्कलकोट ही तीनही तीर्थक्षेत्रे सोलापूरहून जवळ असल्याने उंच टपाच्या प्रवासी गाड्यांची येथे वर्दळ असते. गाडी उंच असली की टप फांद्यांच्या अधिक जवळ जातो, आणि टपावर साचलेला डिंक जमिनीवरून दिसतही नाही. म्हणून तो काढण्याचा विचार बहुधा उशिरा होतो, तोवर तो उन्हात पुरता कडक झालेला असतो.

झाडातून काय गळते

झाडाखाली गाडीवर जे चिकट पडते ते सर्व एकाच जातीचे नसते. कडुनिंब आणि बाभूळ यांच्या सालीला इजा झाली की डिंक बाहेर येतो. तो रासायनिक दृष्ट्या बहुशर्करा आहे, म्हणजे अनेक शर्करा-रेणूंची लांब, फाटे फुटलेली साखळी. वड, पिंपळ आणि उंबर यांचा पांढरा चीक वेगळा. त्यात रबरासारख्या पदार्थाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि हवा लागताच ते एकमेकांना धरून गोठतात. चीड, देवदार यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांची राळ ही तिसरी जात. ती सोलापूरच्या रस्त्यांवर सहसा भेटत नाही, पण हिमाचल किंवा उत्तराखंडाची सफर करून आलेल्या गाडीच्या टपावर हमखास सापडते.

चौथा पदार्थ थेट झाडाचा नसून किडींचा असतो. मावा, पिठ्या ढेकूण यांसारख्या किडी पानांतील अन्नरस शोषतात. या रसात साखर भरपूर आणि नत्रयुक्त द्रव्ये अल्प असल्यामुळे किडीला पुरेसे नत्र मिळवण्यासाठी पुष्कळ रस प्यावा लागतो, आणि जास्तीची साखर गोड थेंबांच्या रूपाने बाहेर टाकली जाते. टपावर मुंग्यांची रांग किंवा काजळीसारखी काळी बुरशी दिसली तर चिकटपणाचे मूळ येथेच असते.

विद्राव्यतेचा नियम

काढण्याची रीत पदार्थाच्या विद्राव्यतेवरून ठरते, आणि हाच या विषयाचा गाभा आहे. किडींची साखर पाण्यात चटकन विरघळते. डिंकही पाण्याचाच, फक्त त्याला वेळ लागतो: पाणी रेणूंच्या साखळ्यांत शिरते, डिंक प्रथम फुगतो आणि मग सुटतो. शेवग्याचा डिंक फुगून बराचसा तसाच राहतो. पण फुगलेला डिंक पुसता येतो, एवढे येथे पुरते. राळ पाण्याला दाद देत नाही. ती अल्कोहोलात किंवा टर्पेंटाइनमध्ये विरघळते. गोठलेला चीक पाणी आणि अल्कोहोल दोन्ही मानत नाही. त्याला मऊ करायला खनिज तेलाच्या वर्गातील द्रावक किंवा निलगिरी तेल लागते.

डिंक तेलाला जुमानत नाही याचा पुरावा स्वयंपाकघरातच आहे. लाडवांसाठी डिंक तुपात तळला की तो फुलतो, पण विरघळत नाही. आतला ओलावा वाफ होऊन त्याला फुगवतो इतकेच. त्यामुळे कडुनिंबाच्या डिंकावर खोबरेल तेल किंवा रॉकेल चोळणे व्यर्थ ठरते. परदेशी पुस्तिकांत स्पिरिट आणि टर्पेंटाइनचा सल्ला अग्रक्रमाने येतो, कारण तो पाइनच्या राळेसाठी लिहिलेला असतो. सोलापूरच्या कडुनिंबाखाली मात्र पहिला उपाय पाणी हाच आहे.

ओळख पटवण्याची चाचणी

वाळलेल्या खड्यावर पाण्याचा थेंब ठेवून दहा मिनिटे थांबावे. पृष्ठभाग बुळबुळीत झाला तर तो डिंक. काहीच बदल झाला नाही तर कापसाच्या बोळ्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दुसऱ्या टोकाला लावावे. कापूस पिवळसर व चिकट झाला तर ती राळ. दोन्हींना न बधता दाबल्यावर रबरासारखा लवचिक वाटणारा पदार्थ म्हणजे चीक. या चाचणीत एकूण अर्धा तासही जात नाही, आणि चुकीच्या द्रावकाने रंग खराब होण्याचा धोका टळतो.

रंगाची हानी कशी होते

कारखान्यात रंगवलेल्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. हा वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ. डिंक वाळताना आकसतो आणि चिकटलेला पृष्ठभाग सोबत ओढतो. भर उन्हात गडद रंगाचा पत्रा ६० अंशांच्या पुढे तापतो तेव्हा पारदर्शक थर किंचित मऊ पडलेला असतो. नेमक्या त्याच वेळी हे ताणणे घडते आणि गोल कड्यासारखा ठसा उमटतो. दुसरी हानी माणसाच्या हातून होते. डिंकात रस्त्याची धूळ रुतलेली असते, आणि नखाने, सुरीने किंवा भांड्याच्या घासणीने खरवडताना ती पॉलिश पेपरचे काम करते.

टॉवेलाची पद्धत

डिंकासाठी सर्वांत सुरक्षित साधन सोलापुरातच विणले जाते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी टेरी टॉवेलाच्या फाशांत पुष्कळ पाणी धरून राहते, आणि येथे तेच हवे असते. सकाळी पत्रा थंड असताना धूळ प्रथम पाण्याने वाहून जाऊ द्यावी. मग कोमट पाण्यात गाडी धुण्याचा सौम्य शाम्पू मिसळून टॉवेल भिजवावा आणि न पिळता डिंकावर पसरावा. सोलापूरची उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की तो पाहता पाहता वाळू लागतो. म्हणून वर प्लास्टिकचा कागद झाकावा. पंधरा-वीस मिनिटांनी फुगलेला डिंक कापडाने एका दिशेने, दाब न देता उचलावा. जाड खड्यांसाठी हीच क्रिया दोन-तीनदा करावी लागते. यात पाणीही बादलीभरच लागते, आणि ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते तेथे ही बाब गौण नाही. बोअरचे पाणी वापरल्यास शेवटी पृष्ठभाग पूर्ण कोरडा पुसणे आवश्यक असते, कारण दख्खनच्या काळ्या पाषाणातील पाणी बहुधा जड असते आणि त्याचे थेंब वाळले की क्षारांचे पांढरे डाग उरतात.

वॉशिंग सेंटरमधील जोरदार फवारा कॅराव्हॅनसाठी मात्र योग्य नाही. तिच्या टपाचे आणि खिडक्यांचे सांधे सीलंटने बुजवलेले असतात. तेथून आत शिरलेले पाणी लाकडी चौकट आणि उष्णतारोधक थर कुजवते.

द्रावकांच्या मर्यादा

राळेसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चिकासाठी रंगाच्या दुकानातील मिनरल टर्पेंटाइन पुरेसे होते. दोन्ही कापडावर घेऊन थोडा वेळ टेकवावीत आणि लगेच साबणपाण्याने धुवावीत. आधी दाराच्या आतल्या कडेला चाचणी घेणे शहाणपणाचे, विशेषतः स्थानिक बॉडी बिल्डरकडे रंगवलेल्या बसच्या बाबतीत, कारण अशा रंगावर पारदर्शक थर असेलच असे नाही. थिनर सर्वस्वी वर्ज्य: त्यातील टोल्युइन, ॲसिटोनसारखी द्रव्ये रंगच विरघळवतात. शिवाय ही सारी द्रव्ये ज्वलनशील आहेत, आणि कॅराव्हॅनमध्ये गॅस सिलिंडर असू शकतो.

पृष्ठभागागणिक फरक

काच सर्वांत सोशिक. ओल्या काचेवर तिरके पाते फिरवले तरी चालते. कॅराव्हॅनच्या अनेक खिडक्या मात्र काचेच्या नसून ॲक्रिलिकच्या असतात, आणि अल्कोहोल लागल्यास त्यांत बारीक भेगांचे जाळे पडते. तेथे साबणपाण्यापलीकडे जाऊ नये. दारांची रबरी पट्टी आणि रबरी टप टर्पेंटाइनने फुगतात. टपावर सौर पॅनेल असल्यास त्याची सफाई आधी करावी: डिंकाने झाकलेला एखादा सेल वीज निर्माण करण्याऐवजी स्वतःच तापू लागतो.

झाडाच्या जखमा

डिंक हा झाडाचा जखम बंद करण्याचा उपाय आहे. जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे, खोडात रुतलेल्या तारा आणि पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांसाठी होणारी ओबडधोबड छाटणी यांमुळे रस्त्यावरची झाडे सतत पाझरत राहतात. गाडीवर डिंक पडतो म्हणून फांदी तोडणे हा मार्ग दोन कारणांनी बंद आहे. नवी जखम नवा पाझर सुरू करते, आणि महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरात परवानगीविना झाड तोडता येत नाही. खिळे काढून घेणे आणि ताजी छाटणी झालेल्या झाडाखाली काही आठवडे गाडी न लावणे हे अधिक उपयोगी.

उरलेला ठसा

डिंक गेल्यावरही कडे दिसत असेल तर ते रंगातच उमटलेले असते. उथळ ठसा सौम्य पॉलिशने जातो; पण पॉलिश म्हणजे पारदर्शक थर थोडा झिजवणे, त्यामुळे ते वारंवार करता येत नाही. खोल ठशाला तो भाग पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नाही. फायबरग्लास बॉडीच्या कॅराव्हॅनला येथे सवलत मिळते: तिच्यावरील जेलकोट सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे पारदर्शक थराच्या दहापट जाड असल्याने तो अनेकदा घासून पुन्हा चमकवता येतो.