प्रतिप्रश्नाविना बातमी : समाजमाध्यमे आणि मराठी राजकीय पत्रकारिता

राजकीय बातमीची मालकी गेल्या दशकभरात वार्ताहराच्या हातून नेत्याच्या हातात गेली. पूर्वी मुंबईतल्या नेत्याचे म्हणणे गावापर्यंत पोहोचायचे ते बहुधा पत्रकार परिषदेतून. तो निवेदन करायचा, पत्रकार प्रश्न विचारायचे आणि उत्तर देताना तो अडखळला, तर दुसऱ्या दिवशीचा मथळा त्या अडखळण्याचा व्हायचा. समाजमाध्यमांनी हा मधला टप्पाच काढून टाकला. ट्विटर २००६ मध्ये सुरू झाले, नरेंद्र मोदी तिथे २००९ मध्ये आले आणि २०१४ चा विजय त्यांनी ट्विट करून जाहीर केला. तोवर ही मुख्यतः शहरी मंडळींची हौस होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि तालुक्याच्या एसटी स्टँडवरही राजकारण मोबाईलवर पाहिले जाऊ लागले.

नेत्याच्या हातातले माध्यम महाराष्ट्राला नवे नाही. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला आणि टिळकांचा झाला, अत्र्यांच्या ‘मराठा’ने संयुक्त महाराष्ट्राची लढाई लढवली, शिवसेनेचा ‘सामना’ १९८८ पासून निघतो. पण या पत्रांवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापावी लागत. ‘केसरी’तल्या मजकुरासाठी टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपाग्रुपांतून फिरणाऱ्या प्रचारी मजकुराखाली मात्र बहुधा कुणाचेच नाव नसते. पक्षांच्या आजच्या आयटी सेलला जुन्या पक्षपत्रांचा वारस ठरवणारे हा फरक सोयीस्करपणे विसरतात.

बातमी नेत्याच्या हातात गेल्याचा सर्वांत ठळक दिवस म्हणजे २३ नोव्हेंबर २०१९. त्या सकाळी घरोघरी पडलेल्या अंकांत उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, अशी बातमी होती आणि लोक तो अंक चाळत असतानाच राजभवनावर देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी उरकला होता. हा निर्णय राष्ट्रवादी काँग्रेसचा नाही, हा पक्षाध्यक्ष शरद पवार यांचा पहिला खुलासा ट्विटरवर आला. दुसऱ्या दिवशी अजित पवार यांनी आपण राष्ट्रवादीतच असल्याचे ट्विट केले आणि काकांनी पुतण्याला उत्तर दिले तेही तिथेच. राज्याचे सरकार ठरवणारा वाद जाहीर ट्विटांमधून चालला होता आणि वृत्तवाहिन्या ती ट्विटे पडद्यावर वाचून दाखवत होत्या.

ते सरकार टिकले नाही आणि उद्धव ठाकरेच मुख्यमंत्री झाले. जून २०२२ मध्ये त्यांची शिवसेना फुटली, तेव्हा गाडी आणखी पुढे गेली. बंडखोर गटाचे एकनाथ शिंदे गुवाहाटीच्या हॉटेलातून ट्विट करत होते आणि पत्रकार फाटकाबाहेर ताटकळत होते. २९ जूनच्या रात्री उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा फेसबुक लाइव्हवरून जाहीर केला. तो संयत सूर अनेकांना भावला, पण आमदार का फुटले आणि ते आधी का कळले नाही, हे त्या क्षणी त्यांना विचारायला समोर कुणीही नव्हते. दोन्ही गटांना ही सोय सारखीच मानवली.

नेत्याने पत्रकाराचे कामही उचलून पाहिले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या मनसे पक्षाचा एकही उमेदवार नसताना राज ठाकरे यांनी सभांमधून ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत सत्ताधाऱ्यांची जुनी आश्वासने आणि त्या वेळची स्थिती शेजारी शेजारी ठेवली. जुने कात्रण काढून नेत्याला त्याचेच बोल ऐकवणे हे खरे तर वृत्तपत्रांचे काम.

वार्ताहराचा दिवसही पालटला. मंत्रालयातल्या खेपा कमी झाल्या आणि प्रेसनोट व तयार व्हिडिओ ग्रुपवर येऊन पडू लागले. ते जसेच्या तसे लावण्याचा मोह मोठा, कारण पाच मिनिटांचा उशीर म्हणजे हातचे क्लिक गेले. दुसरीकडे यूट्यूबने नोकरी सोडलेल्या वा गेलेल्या पत्रकारांना स्वतःचा मंच दिला. निखिल वागळे तिथून बोलतात. ‘बोल भिडू’ आणि ‘थिंक बँक’ या यूट्यूब वाहिन्यांनी मराठीत राजकारणावर सविस्तर बोलणे ऐकणारा तरुण वर्ग आहे हे दाखवून दिले. मात्र यातले बरेचसे विश्लेषण आहे. जिल्हा परिषदेची कागदपत्रे मिळवून केलेली बातमी तिथे क्वचितच दिसते, कारण तिला वेळ आणि पैसा लागतो आणि व्ह्यूज बेताचे मिळतात.

अफवेचा प्रश्न वेगळ्याच तोलाचा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अफवांमुळे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. अशा घटनांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. आता आवाजही बनवता येतो. विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबर २०२४ रोजी, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने ध्वनिफिती पसरल्या. दोघांनी त्या नाकारल्या, ‘बूम’ या तथ्यपडताळणी संस्थेच्या तपासणीत त्यांतल्या बहुतेक कृत्रिम असल्याची चिन्हे आढळली, पण मतदान काही तासांवर आले होते.

कायद्याने यात पडायचे किती, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गाजला. केंद्र सरकारविषयीचा कोणता मजकूर खोटा हे सरकारच्याच कक्षाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ च्या आयटी नियमांत झाली. विनोदवीर कुणाल कामरा आणि इतरांनी तिला आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने तरतूद रद्द ठरली. हे योग्यच झाले. ज्याच्याविषयी बातमी आहे, त्यानेच तिच्या खरेपणाचा दाखला द्यायचा, हे कुठल्याही न्यायात बसत नाही.

पुढच्या काळात नेत्याचे म्हणणे लोकांना सांगण्यासाठी वार्ताहराची गरज उरणार नाही. ते म्हणणे तपासायला, कागदाशी ताडून पाहायला आणि समोर उभे राहून विचारायला ती उरेल, आणि सर्वांत जास्त उरेल ती तालुक्यात, जिथे पडताळणी करणारी कोणतीही संस्था पोहोचत नाही. अनेक तालुका वार्ताहरांची कमाई आजही मुख्यतः जाहिरातींच्या कमिशनवर चालते, आणि त्या जाहिराती बहुधा स्थानिक पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या असतात. हा हिशोब बदलल्याशिवाय मराठी राजकीय पत्रकारिता सुधारणार नाही.