पुरस्कार योग्य माणसालाच मिळाला का? वाद घालण्याआधी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार कसे ठरतात ते समजून घ्या

हिंगोली : १ ऑगस्ट २०२५ रोजी ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. 'जवान'साठी शाहरुख खान आणि 'ट्वेल्थ फेल'साठी विक्रांत मॅसी या दोघांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विभागून मिळाला. बातमी मोबाईलवर आली आणि कट्ट्यावर, टपरीवर वाद सुरू झाला, तो अजून निवलेला नाही. "शाहरुखला काहून दिला?" हा एक प्रश्न आणि "का देऊ नये?" हा दुसरा.

अभ्यासिकेत बसून पोलीस भरती, एमपीएससीची तयारी करणारी पोरं मॅसीच्या बाजूची. साहजिकच आहे. चंबळच्या खेड्यातला बारावी नापास पोरगा आयपीएस होतो, असा तो सिनेमा. आणि ज्यांच्यावर तो बेतला ते मनोजकुमार शर्मा महाराष्ट्र केडरचेच अधिकारी. शाहरुखवाल्यांचं म्हणणं असं की १९९२ पासून माणूस पडद्यावर आहे, एवढ्या वर्षांनी पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तर बिघडलं काय? तिसरा गट म्हणतो, सगळं वरूनच ठरलेलं असतं, आपण उगाच डोकं शिणवतो.

तिन्ही गट तावातावाने बोलतात, पण हा पुरस्कार कशाला मिळतो, कोण देतं आणि कुणाकुणातून निवडून देतं, हे मात्र कुणी सांगत नाही. ते कळलं तर अर्धा वाद आपोआप मिटतो. जो उरतो तो घालण्यासारखा असतो.

नियम काय सांगतो?

पहिली गोष्ट वर्षाची. २०२५ मध्ये जाहीर झालेले हे पुरस्कार २०२३ सालच्या सिनेमांचे आहेत. साल कोणतं धरायचं हे सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरून ठरतं. सिनेमा थिएटरला कधी लागला याच्याशी संबंध नाही. १ जानेवारी ते ३१ डिसेंबरच्या आत प्रमाणपत्र मिळालं की तो सिनेमा त्या सालचा.

म्हणूनच लोकांनी पाहायच्या आधीच पुरस्कार मिळाला, असं पुष्कळदा होतं. 'धग'साठी उषा जाधव यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा आणि शिवाजी लोटन पाटील यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मार्च २०१३ मध्ये जाहीर झाला, सिनेमा लागला २०१४ मध्ये. 'सैराट'च्या रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख मार्च २०१६ मध्ये झाला, सिनेमा आला २९ एप्रिलला. "कुणी पाहिलाच नाही तर पुरस्कार कसा?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, की परीक्षकांनी पाहिलेला असतो.

दुसरी गोष्ट, सिनेमा स्पर्धेत पाठवावा लागतो. निर्मात्याने अर्ज केला नाही तर कितीही चांगला सिनेमा असो, त्याचा विचार होत नाही. मोंढ्यात आणलाच नाही त्या मालाला भाव कसा लागणार? अमक्या सिनेमाला का नाही मिळाला, असं म्हणण्याआधी तो स्पर्धेत होता का, हे बघावं लागतं.

तिसरी गोष्ट परीक्षकांची. कथापटांसाठी दोन पायऱ्या आहेत. उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिणेच्या दोन अशा पाच प्रादेशिक समित्या आधी सिनेमे पाहतात. मराठी सिनेमा पश्चिमेच्या समितीकडे जातो. तिथून पुढे गेलेले सिनेमे केंद्रीय समिती पाहते. या समितीत अकरा जण असतात आणि प्रादेशिक समित्यांचे अध्यक्षही त्यात बसतात. ७१ व्या पुरस्कारांना केंद्रीय समितीचे अध्यक्ष होते दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर.

इथे एक अडचण आहे, ती आपल्या भागातल्या लोकांना लवकर कळेल. केंद्रीय समितीतल्या तमिळ किंवा बंगाली माणसाला मराठी कळत नाही. तो खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचून सिनेमा बघतो. मराठवाडी, वऱ्हाडी, खानदेशी बोलीतली गंमत आणि टोचणी त्या ओळींत किती उतरत असेल? नट ज्या सुरात "जाऊ द्या" म्हणतो, त्या सुरातच सगळं असतं. परीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्यापर्यंत ते निम्मंच पोचतं.

चौथी गोष्ट, गल्ला इथे मोजत नाहीत. तिकीटबारीवर किती कोटी जमले, याला गुण नाहीत. ६३ व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी सिनेमा ठरला मकरंद माने यांचा 'रिंगण', कर्जाने पिचलेला शेतकरी बाप आणि त्याच्या लहान पोराची गोष्ट. 'सैराट'च्या वाट्याला फक्त रिंकूचा विशेष उल्लेख आला. पुढे 'सैराट'ने मराठीत कधी झाली नव्हती एवढी कमाई केली आणि 'रिंगण' २०१७ मध्ये येऊन कधी गेला, हे खेड्यापाड्यांत बऱ्याच जणांना कळलंही नाही. गर्दीने एक कौल दिला, परीक्षकांनी दुसरा. त्यातला एक खोटाच असला पाहिजे असं नाही. मात्र 'रिंगण' न पाहता "सैराटवर अन्याय झाला" म्हणणं चुकीचं.

शाहरुखच्या बाजूचा आणि विरोधातला मुद्दा

आता मूळ वादाकडे. अभिनयाचा पुरस्कार त्या वर्षीच्या त्या भूमिकेला असतो. आयुष्यभराच्या कामासाठी दादासाहेब फाळके पुरस्कार वेगळा आहे, तो १९६९ सालापासून दिला जातो. २०२३ चा फाळके पुरस्कार मल्याळम अभिनेते मोहनलाल यांना मिळाला. म्हणजे "एवढी वर्षं काम केलं म्हणून द्यायलाच पाहिजे" हा मुद्दा इथे लागू होत नाही. शाहरुखच्या चाहत्यांनी तो सोडून द्यावा आणि 'जवान'मधल्या कामावर बोलावं.

तसाच दुसरा एक मुद्दा शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकू येतो. 'जवान'मध्ये ट्रॅक्टरच्या कर्जापायी शेतकरी जीव देतो तो प्रसंग आहे आणि कर्जमाफीची मागणीही आहे. तो बघून आपल्याकडे अनेकांचे डोळे भरून आले. पण विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून अभिनय मोठा ठरत नाही. हेच मॅसीलाही लागू. नापास पोराची गोष्ट आपल्याला भिडली हे गोष्टीचं यश. त्याने तो पोरगा कसा उभा केला, बोलणं कसं धरलं, हरलेला चेहरा कसा दाखवला, हे अभिनयाचं.

विभागून दिल्याबद्दलही कुरकुर आहे. रजत कमळ दोघांना, रोख २ लाख रुपये दोघांत. पण ही काही नवी पद्धत नाही. ६० व्या पुरस्कारांत 'पानसिंग तोमर'चे इरफान खान आणि 'अनुमती'चे विक्रम गोखले यांना अभिनेत्याचा पुरस्कार विभागूनच मिळाला होता. ५९ व्या वर्षी 'देऊळ' आणि 'ब्यारी' या सिनेमांनी सुवर्ण कमळ वाटून घेतलं. यंदा बालकलाकाराचा पुरस्कार तर पाच मुलांत विभागला. तीन 'नाळ २' मधली, एक 'जिप्सी' मधला आणि एक तेलुगू 'गांधी तात चेट्टू' मधली. लहान लेकरांत असं वाटून देणं समजू शकतं. मोठ्यांच्या बाबतीत मात्र "दोघंही तोडीस तोड होते" आणि "परीक्षकांचं एकमत झालं नाही" यातलं खरं काय, ते बाहेर येत नाही. समितीतली चर्चा गोपनीय ठेवायची असा नियमच आहे.

वाद पहिल्या वर्षापासूनचा

हे पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ते मराठी सिनेमाला. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई', १९५३ चा. साने गुरुजींच्या पुस्तकावरचा. त्याच वर्षी स्पर्धेत बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' होता. जमीनदाराच्या कर्जात अडकलेला शेतकरी शंभू कोलकात्याला जाऊन हातरिक्षा ओढतो, तरी जमीन हातची जाते. त्याला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावं लागलं. पुढे १९५४ मध्ये तोच सिनेमा फ्रान्सच्या कान महोत्सवात गौरवला गेला, आणि पहिल्या फिल्मफेअर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटही तोच ठरला.

मग दिल्लीतल्या परीक्षकांचं चुकलं का? मराठी माणूस पटकन "नाही" म्हणेल. जमीन गेलेल्या घरातला माणूस कदाचित थांबून विचार करेल. सत्तर वर्षांनंतरही दोन्ही सिनेमांचं नाव टिकून आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलता येतं. असा वाद घालायला हरकत नाही, कारण दोन्ही सिनेमे पाहून तो घालता येतो. योगायोग म्हणजे ७१ व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी सिनेमा ठरला तोही 'श्यामची आई'च, सुजय डहाके यांचा नवा.

सरकारी पुरस्कार, म्हणून शंका

"वरून ठरतं" म्हणणाऱ्यांचा मुद्दा सगळाच हसण्यावारी नेता येत नाही. हे पुरस्कार केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाचे, समिती नेमतं तेच. 'द केरला स्टोरी'च्या सुदीप्तो सेन यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला तेव्हा केरळचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी जाहीर निषेध केला. याआधी 'रुस्तम'साठी अक्षय कुमारला पुरस्कार मिळाला तेव्हाही अध्यक्ष प्रियदर्शन यांच्यावर टीका झाली होती, कारण दोघांनी मिळून बरेच सिनेमे केलेले.

यंदा तर पुरस्कार मिळालेल्या मल्याळम अभिनेत्री उर्वशी यांनीच प्रश्न विचारला. ज्या भूमिकेला मुख्य म्हणायचं तिला सहायक कसं धरलं, याचा निकष काय? हरलेल्याने विचारलं तर लोक रडका म्हणतात. जिंकलेलीने विचारलं म्हणून त्याला वजन आलं.

पण इथेही फरक करावा लागतो. नेमणूक सरकार करतं म्हणून प्रत्येक निकाल सरकारने सांगितला, असं सिद्ध होत नाही. त्याच पद्धतीतून 'कोर्ट', 'कासव' यांसारख्या छोट्या मराठी सिनेमांना सुवर्ण कमळ मिळालं, त्यांच्यामागे ना पैसा होता ना मोठं नाव. संशय घ्यायचा तर एकेका निकालावर घ्यावा, आणि कारण देऊन.

पाहिला किती जणांनी?

पुरस्कार प्रत्यक्ष दिले गेले २३ सप्टेंबर २०२५ ला, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते. त्या दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टीने सोयाबीन पाण्यात होतं. सिनेमाचा विचार करायला कुणाला फुरसत नव्हती, ते ठीकच. पण एरवीही परिस्थिती फार वेगळी नसते. 'धग', 'रिंगण' हे सिनेमे खेड्यातल्या आणि गरिबाच्या घरातल्या माणसांवरचे. गावात देवस्थान मोठं झालं की काय काय बदलतं, ते 'देऊळ'ने दाखवलं, आणि औंढ्याच्या आसपासच्या माणसाला ते वेगळं समजावून सांगायला नको. असे सिनेमे दिल्लीत गौरवले जातात, पुण्या-मुंबईत काही आठवडे चालतात आणि तालुक्याच्या गावी क्वचित लागतात. आपल्याला कळतं ते फक्त नाव. मग वाद होतो तो शाहरुखवर, कारण तेवढाच सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला असतो.

याला उपाय खर्चिक नाही. यातले काही सिनेमे मोबाईलवर मिळतात. शाळा, वाचनालय, गणेश मंडळ यांनी निर्मात्याची रीतसर परवानगी घेऊन पडद्यावर दाखवले तर गाव एकत्र बसून पाहील. 'नाळ २' आणि 'श्यामची आई' लेकरांना दाखवायला सोपे आहेत. मग पुढचा निकाल लागेल तेव्हा आधी चार गोष्टी विचारायच्या : कोणत्या सालचे पुरस्कार, सिनेमा स्पर्धेत होता का, पुरस्कार नेमका कशाला, आणि आपण तो पाहिला का. चौथ्याचं उत्तर "नाही" असेल तर निकालावर मत देण्याआधी तो सिनेमा पाहून घ्यायचा.